मासळी साफ करून घ्यावी

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना आमचे संपादक एक वाक्य दरवर्षी न चुकता लिहितात : "या खेपेस काहीतरी खमंग येऊ द्या." मराठीच्या प्राध्यापकाजवळ खमंग असे काय असणार? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नि त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या गमती! यंदा मात्र योगायोगाने माझा विषय खाण्याचाच आहे. फरक इतकाच, की तो खमंग नाही, कच्चा आहे. चकल्या-करंज्यांच्या पंगतीत मी मासळी वाढतो आहे, याबद्दल शाकाहारी वाचकांची आधीच क्षमा मागून ठेवतो.

त्यांना दिलासा म्हणून सांगतो, की मी मूळचा बार्शीचा. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मासा मी दोनच ठिकाणी पाहिला होता : जीवशास्त्राच्या पुस्तकात आणि राशिभविष्यात. पुढे पालघरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि लग्न जमले ते केळवे-माहीमच्या पानमळेवाल्या घरात. माझ्या सासुरवाडीला ताटात मासळी नसली, तर चार भाज्या असूनही "आज जेवायला काही नाही" असे म्हणण्याची पद्धत आहे. अशा घरचा जावई किती दिवस तग धरणार? पहिल्या वर्षी कालवणात भात बुडवला, दुसऱ्या वर्षी बोंबील चाखला आणि तिसऱ्या वर्षी पापलेटची तुकडी कोणाला मोठी मिळाली, याकडे माझे बारीक लक्ष असू लागले.

पण मासळी खाणे निराळे आणि मासळीकडे पाहणे निराळे, हे काही मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. ते शिकवले एका पुस्तकाने.

त्या पुस्तकाची हकीकत अशी. बोईसरला माझे एक स्नेही राहतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली. निवृत्तीच्या आधी अशाच एका यंत्राच्या निमित्ताने ते महिनाभर जपानला जाऊन आले. गृहस्थ कडकडीत शाकाहारी. भात, केळी आणि घरून नेलेले मेतकूट यांवर त्यांनी तो महिना काढला. यजमानांची समजूत झाली, की पाहुण्याला मासळी आवडते, पण बिचारा संकोच करतो आहे! निरोप देताना त्यांनी भेट म्हणून सुशीवरचे एक जाडजूड, पानोपानी चित्रे असलेले इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती ठेवले. ते पुस्तक कितीतरी वर्षे बोईसरच्या कपाटात, पाठ बाहेर करून, एखाद्या अपराध्यासारखे उभे होते. यंदा घराला रंग काढला तेव्हा स्नेह्यांनी ते माझ्या हाती दिले. म्हणाले, "तुमच्याकडे खाणारी माणसं आहेत. सोडवा मला यातून."

गणपतीच्या सुटीत आमची कन्या मुंबईहून घरी आली होती. ती चित्रकला शिकते. तिने चित्रांसाठी पुस्तक उघडले, मी मजकुरासाठी, आणि सौ. लसूण सोलता सोलता ऐकायला बसली. आठ दिवस आमच्या घरी रोज रात्री पोथी लावावी तसे वाचन झाले.

सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी माझी समजूत होती, तुमचीही असेल. पहिल्याच प्रकरणाने ती मोडली. कच्च्या माशाचे नुसते काप वाढले तर त्याला साशिमी म्हणतात. सुशी हा शब्द निघाला आहे तो आंबट या अर्थाच्या एका जुन्या जपानी शब्दावरून. आंबट काय? तर भात. भाताशिवाय सुशी नाही. मुळात हा सारा खटाटोप मासा टिकवण्यासाठी सुरू झाला. मासा साफ करायचा, मिठात मुरवायचा आणि मग शिजलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणामुळे मासा नासत नाही. जपानात बिवा नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठची माणसे फुनाझुशी नावाचा हा प्रकार अजून करतात. मासा आधी काही महिने मिठात राहतो, मग वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ भातात. भाताचे काम मुरवण्यापुरते. पूर्वी तो टाकूनच देत.

"म्हणजे माशाचं लोणचंच की," सौ. म्हणाली. मी सरोवराचे नाव पाठ करीत होतो; तिने एका शब्दात प्रकरण संपवले.

पुढे माणसांना वर्षभर थांबण्याचा धीर उरला नाही. भात आंबवण्याऐवजी त्यात शिरकाच घालावा, अशी युक्ती निघाली. १८२० च्या सुमारास, एदो म्हणजे आजच्या तोक्यो शहरात, हातात भाताचा लहानसा मुटका वळून त्यावर माशाची चकती ठेवून देण्याची रीत पडली. तिचे श्रेय हानाया योहेई (१७९९–१८५८) या विक्रेत्याला देतात. बर्फ नव्हता, म्हणून मासा शिरक्यात किंवा सोयाच्या रसात मुरवलेला असे, नाहीतर शिजवलेला. मुटकाही आजच्यापेक्षा चांगला दुप्पट-तिप्पट मोठा. गिऱ्हाईक गाडीपाशी उभे राहायचे, दोन-चार मुटके तोंडात टाकायचे आणि कामाला पळायचे. आज पंचतारांकित हॉटेलांत ज्याची मिजास चालते, ते मूळचे आपल्या वडापावाच्या कुळातले! १९२३ च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले कारागीर आपापल्या गावी पांगले आणि ही एदोची सुशी देशभर गेली.

इथवरचे सारे गोष्टीसारखे झाले. खरी गंमत पुढे होती. शिजलेला भात पसरट लाकडी पिंपात ओततात. शिरका घातल्यावर तो कालवत नाहीत. लाकडी उलथण्याने कापल्यासारखा करतात, म्हणजे शीत मोडत नाही. दुसऱ्या हाताने पंखा चालूच. मुटका वळताना भात माणसाच्या अंगाइतका कोमट हवा. सुरी लांब, एकाच बाजूने धार लावलेली. ती करवतीसारखी मागेपुढे न्यायची नाही. एकदा टेकवायची आणि अंगाकडे ओढायची. उमेदवाराने आधी भांडी घासायची, मग भात धुवायचा, मग पुष्कळ वर्षांनी माशाला हात लावायचा. तोक्योच्या गिंझा भागात जिरो ओनो नावाचे कारागीर प्रसिद्ध आहेत. १९२५ चा जन्म. त्यांच्यावर २०११ साली निघालेल्या माहितीपटात त्यांचा एक उमेदवार सांगतो, की अंड्याची पोळी दोनशेहून अधिक वेळा नापास झाली, तेव्हा कुठे एकदा ती पसंत पडली, आणि त्या दिवशी त्याला रडू आले. मी वर्गातल्या मुलांना फार तर दोनदा नापास करतो, तेही भीत भीत!

मग मी सहज मोजले. मासा निवडणे, धुणे, खवले काढणे, कल्ले काढणे, पोट उघडणे, काटा सोडवणे आणि काप काढणे, एवढ्यावर त्या पुस्तकात चव्वेचाळीस पाने खर्ची पडली होती. प्रत्येक हालचालीचे चित्र. अंगठा कुठे, तर्जनी कुठे, मनगट किती वळले, सारे.

मला मास्तरकीची खोड. उठलो आणि घरातली मराठी पाकपुस्तके काढली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली निघाले; म्हणजे मराठीत ही विद्या छापून यायला लागल्याला शंभरावर वर्षे झाली. आमच्या मांडणीवर अलीकडची चार-पाच आहेत. त्यांत मासळीच्या मसाल्याला पानेच्या पाने दिलेली. खोबरे किती भाजावे, चिंच घालावी की कोकम, आले-लसूण कशात वाटावे. पण आरंभी मासा हातात येतो तिथे या ना त्या शब्दांत एकच वाक्य : मासळी साफ करून घ्यावी.

चव्वेचाळीस पानांचे आमच्याकडे चार शब्द!

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक आता व्याकरणात शिरणार. शिरतोच. हे वाक्य मोठे मजेदार आहे. त्यात कर्ता नाही. आणि 'करून घ्यावी' याचा अर्थ स्वतः उरकावी असाही होतो आणि दुसऱ्याकडून करवून घ्यावी असाही होतो. दोन अर्थांच्या सांदीत एक माणूस कसा बेमालूम नाहीसा झाला आहे, पाहा! वीस वर्षे ते वाक्य माझ्या घरात खरे होत होते. मासळी साफ करून घेतली जात होती. कोणाकडून? तर मावशीकडून.

ही मावशी सातपाटीची. पालघर स्टेशनापासून सातपाटी आठ-नऊ किलोमीटरांवर. बुधवार, शुक्रवार, रविवार ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गल्लीत येते. पायरीवर टेकते, सौ.शी भाव करते, कोयता काढते. या वेळी मी काय करीत असे? वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जात असे. खायचा मासा मला आवडे. कापायच्या माशाचा वास सोसत नसे.

वाचन संपले त्यानंतरच्या शुक्रवारी मी पहिल्यांदा पायरीवर बसलो. कन्या चित्रांची वही घेऊन शेजारी. मावशीने पाटीतून पापलेट काढले, कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबले आणि आलेले पांढरे पाणी मला दाखवले. "लाल आलं असतं तर घेऊ नका," म्हणाली. मग कोयता फिरला. पर उतरले, कल्ले एका हिसक्यात बाहेर आले, पोटाला बोटभर चीर गेली आणि आतले सगळे न फुटता निघाले. तुकड्या पडल्या त्या साऱ्या एका जाडीच्या. फूटपट्टी लावून पाहाव्यात. आणि हे चालू असताना तिचे लक्ष होते शेजारच्या काकूंच्या सुनेचे दिवस कधी भरतात याच्याकडे! कन्येची पेन्सिल निम्म्यातच थांबली. "बाबा, चित्रात आहे तसंच मनगट आहे," ती हळूच म्हणाली.

मी आत जाऊन पुस्तक आणले. मावशीने ओले हात दूर धरले आणि मान वाकडी करून पाने बघितली. मी उलटीत होतो. "हात चांगलाय पोराचा," तिने प्रशस्तिपत्र दिले. "पण एवढा वेळ लावला तर माझं गिऱ्हाईक जाईल." आणखी दहा-बारा पाने झाल्यावर तिने विचारले, "आणि बायका कुठंत?"

मी पान उलटून पाहिले. बायका नव्हत्या. बाईचे हात उष्ण असतात, त्याने मासा बिघडतो, असा समज जपानात पुष्कळ वर्षे होता. आता काही बायका तो मोडून सुशीचे काम करू लागल्या आहेत. हे मी मावशीला सांगितले. ती इतकी हसली, की कोयता खाली ठेवावा लागला. "पहाटे बर्फात हात घाला म्हणावं," ती म्हणाली, "मग सांगा कोणाचे उष्ण."

ती निघाली तेव्हा सौ. मला म्हणाली, "अहो, आज तुम्ही मावशीला पाणी विचारलंत. वीस वर्षांत पहिल्यांदा."

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत होते ते निराळेच. घरातही कोणाला सांगितले नव्हते, ते आता तुम्हांला सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात सातपाटीची एक मुलगी होती. हुशार, अबोल, अक्षर सुरेख. एके दिवशी तिच्या बाकावरच्या दोघी तास संपल्यावर मला भेटल्या आणि वासाची तक्रार केली. मी स्वतःला मोठा व्यवहारचतुर समजतो. दुसऱ्या दिवशी वर्गात अगदी सहज सुचल्यासारखे दाखवून मी तिला म्हणालो, "तू त्या शेवटच्या खिडकीपाशी बसत जा. तिथे उजेड चांगला आहे." कसला उजेड, ते साऱ्या वर्गाला कळले. ती उठली, वही घेतली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. तीन वर्षे ती तिथेच बसली. कोणाचेही मन न दुखवता प्रश्न मिटवला, म्हणून मी माझ्यावर खूश होतो. त्या सत्रात मी संतवाङ्मय शिकवीत होतो. चोखोबांचे अभंग नेमके त्याच आठवड्यात होते की नाही, हे आठवत नाही. आठवावेसेही वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी मावशीजवळ तिची चौकशी केली. गाव केवढे! मावशीला माहेर-सासर सगळे ठाऊक. "इथेच दिली ती. आईचा धंदा चालवते आता. संध्याकाळी पोरांच्या शिकवण्या घेते. या ना एकदा."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी आणि कन्या सातपाटीला गेलो. पावसाळा सरला होता. जून-जुलैची मासेमारीची बंदी संपून होड्या केव्हाच समुद्रात गेल्या होत्या. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांना इकडे वलांडी म्हणतात. त्यांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना गाठ, ना खिळा. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. बिवा सरोवराच्या काठी मीठ आणि भात, आमच्या काठी ऊन आणि वारा. काम एकच : आजचा मासा उद्यापर्यंत पोचवायचा.

ती वलांडीपाशीच होती. मला ओळखून पदर खोचलेला सोडला. "सर, तुम्ही? इथे?"

प्राध्यापकाला पाऊण तास बोलण्याची सवय असते. मला चार वाक्ये जमेनात. खिडकीची गोष्ट मी कशीबशी काढली आणि चुकलो म्हणालो. तिने लगेच उत्तर दिले नाही. हातातली बोंबलांची जोडी दोरीवर टाकली, दुसरी उचलली.

"उजेड खरंच चांगला होता, सर," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने : "मी तीनला उठून आईबरोबर बंदरावर जायची. घरी येऊन दोनदा साबण लावून आंघोळ करायची, मग कॉलेजला यायची. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तुम्ही विचारलं असतं तर! यावर मी काय बोलणार? कन्या माझ्याकडे पाहत होती. तिलाही ही गोष्ट आत्ताच कळत होती.

सुटका केली ती त्या मुलीनेच. तिने कन्येच्या हातातले पुस्तक मागून घेतले आणि शेडच्या सावलीत आम्हांला खुर्च्या दिल्या. चहा आला. तिने पुस्तक वाचले तसे आम्ही तिघांनी मिळून आठ दिवसांत वाचले नव्हते. माशाच्या डोळ्यांच्या चित्राशी थांबून म्हणाली, "माझ्या आजीला डोळा बघून मासा कधी जाळ्यात आला ते कळायचं. आईला कळतं. मला थोडं थोडं. मुलीला मी शिकवत नाही. तिनं तुमच्यासारखं शिकावं, असं वाटतं." मग उमेदवारांच्या प्रकरणावर बोट ठेवून : "ही मुलं दहा वर्षं भात धुतात, त्याला शिक्षण म्हणतात ना? आईचा कुठलाही अर्ज मीच भरते. शिक्षणाच्या रकान्यात 'नाही' लिहिते."

ती रागाने बोलत नव्हती. हिशेब सांगावा तशी सांगत होती.

मी घरी परतताना पुष्कळ विचार केला. या किनाऱ्याचे नाव बाहेर अगदीच कोणी घेत नाही असे नाही. होड्यांच्या अभ्यासकांनी सातपाटीच्या मचव्यावर लिहून ठेवले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या मुरबे गावच्या होडीला एकशे सत्तावन्न घोळ मासे मिळाले, ते कोटीच्या वर किमतीला गेले, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापले. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि मच्छीमारांच्या विरोधाच्या बातम्या आल्या. होडी छापून आली, मासा छापून आला, बंदर छापून आले. मासा हातात घेऊन बसलेली बाई तेवढी 'साफ करून घ्यावी' या शब्दांत कुठेतरी बसून आहे.

आणि मासाही राहतोच, असे नाही. पापलेटच्या पिल्लाला इकडे कावलेट म्हणतात. बारीक आसाच्या जाळ्यात हे कावलेट सापडते, स्वस्तात विकले जाते आणि मोठे पापलेट दरवर्षी दुर्मीळ होते. किती लहान मासा धरू नये, याचे नियम सरकारने २०२३ साली केले. पण बाजारात कावलेट आणि पापलेट यांत फरक करणारे गिऱ्हाईक किती? तो फरक माझी मावशी जाणते. मी परवापर्यंत 'लहान पापलेट स्वस्त मिळालं' म्हणून खूश होत होतो. हे ज्ञानही त्या चार शब्दांबरोबर आपण सोडून दिले आहे. जपान्यांनी त्यांचे हात चित्रांत धरून ठेवले, म्हणून बोईसरच्या कपाटातूनसुद्धा ते माझ्यापर्यंत पोचले. सातपाटी घरापासून आठ मैलांच्या आत, आणि तिथले हात मला दिसले ते जपानला वळसा घालून!

सुशी मी अजून खाल्लेली नाही. खरे सांगायचे तर धीर होत नाही. बार्शी अगदीच पुसली गेलेली नाही. पण पुस्तकाचा आमच्या घरावर एक परिणाम झाला, तो सांगून थांबतो.

त्या दिवशी निघताना ती मुलगी मला म्हणाली होती, "सर, तुम्ही मराठीचे. हे शब्द तुमच्या कुठल्या पुस्तकात आहेत का?" मी नाही म्हणालो. "मग लिहा की," ती म्हणाली, "मी तपासून देते."

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. छापायची वगैरे नाही; निदान अजून नाही. मावशी पायरीवर बसून दाखवते, कन्या सुटीत आली की चित्र काढते, मी मजकूर लिहितो आणि दर पंधरवड्याला वही सातपाटीला तपासायला जाते. तिथून ती लाल शाईने माखून परत येते. पहिल्या खेपेस माझ्या अकरा चुका निघाल्या. कल्ल्याच्या आतल्या भागाला मी भलताच शब्द वापरला होता. समासात सुरेख अक्षरात शेरा : 'असे कोणी म्हणत नाही. आईला विचारून लिहावे.' एका पानावर मी नुसतेच 'मासा ताजा असावा' असे लिहिले होते. त्याखाली रेघ आणि प्रश्न : 'कशावरून?' माझ्याच विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे विचारीत आलेला प्रश्न!

परवा तिसऱ्यांदा वही परत आली. शेवटच्या पानावर लहान मुलाच्या हातची, पेन्सिलीने काढलेली वलांडी होती. दोन बोंबील, जबड्यात जबडा. तिच्या मुलीने काढली असावी. तिला हे कोणी शिकवले, ते मी विचारलेले नाही. पुढच्या रविवारी विचारीन.

वहीच्या पहिल्या पानावर मथळा म्हणून ते जुनेच वाक्य घातले आहे. दिवाळीपर्यंत सतरा पाने लिहून झाली आणि आम्ही अजून कल्ल्यापाशीच आहोत.